मोठ्या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल: शोधायचं कसं, बांधायचं कसं

'बिग बॉय' या अमेरिकी वाफेच्या इंजिनाचं एचओ स्केलमधलं, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, मॉडेल पहिल्यांदा हातात घेतलं की आधी जाणवते ती त्याची लांबी. टेंडर (मागचा कोळसा-पाण्याचा डबा) धरून साडेशेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे जुन्या मापात अगदी एक हात. खरं इंजिन होतं १३२ फुटांहून थोडं अधिक. अमेरिकेतल्या युनियन पॅसिफिक रेल्वेसाठी अल्को कंपनीने स्केनेक्टडीच्या कारखान्यात अशी २५ इंजिनं बांधली, वीस १९४१ मध्ये आणि पाच १९४४ मध्ये. त्यातली आठ आज शिल्लक आहेत. ४०१४ क्रमांकाचं इंजिन २०१९ मध्ये पुन्हा वाफेवर धावायला लागलं आणि तेव्हापासून या मॉडेलबद्दल विचारणारे नवे लोक वाढले.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "कुठे मिळेल?" माझं सांगणं असं की आधी "कुठे वळेल?" ते बघा. मोठं इंजिन घरात आणणं हा मुळात वळणाचा आणि जागेचा हिशोब आहे. तो चुकला तर उत्तमातलं उत्तम मॉडेल डब्यात पडून राहतं. हा हिशोब आधी कसा करायचा आणि मग शोधायचं किंवा बांधायचं कसं, ते इथे क्रमाने सांगतो.

पहिलं काम: काय हवंय ते ठरवा

कपाटात ठेवायचं मॉडेल, रुळावर विजेवर चालणारं मॉडेल आणि खरोखर पाणी उकळून वाफेवर चालणारं मॉडेल, या तीन वेगळ्या वाटा आहेत. तिन्हींचा खर्च वेगळा, हत्यारं वेगळी, लागणारा वेळही वेगळा. नवख्या माणसाने पहिल्या दोनपैकी एक निवडावी. तिसरीबद्दल पुढे थोडं लिहिलं आहे.

ठरवण्याआधी चालती मॉडेलं डोळ्यांनी बघून या. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एक खेळ बघितला की एचओ स्केलची गाडी प्रत्यक्षात केवढी दिसते, वळणावर डबे कसे झुकल्यासारखे वाटतात, सांध्यावर आवाज कसा येतो हे कळतं. फोटोवरून ते कळत नाही.

दुसरं काम: स्केलचं गणित

स्केल म्हणजे मूळ वस्तूपेक्षा मॉडेल किती पट लहान, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. नवखे लोक हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात आणि चुकीची वस्तू मागवतात.

एन स्केल १:१६०, रुळांतलं अंतर ९ मिमी. बिग बॉय यात २५ सेंटिमीटरचं होतं. एचओ १:८७, अंतर १६.५ मिमी, लांबी साडेशेचाळीस सेंमी. ओ स्केल अमेरिकेत १:४८ धरतात, अंतर ३२ मिमी, लांबी ८४ सेंमी. गेज वनमध्ये म्हणजे १:३२ ला रुळ ४५ मिमीचे आणि इंजिन सव्वा मीटरचं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी खरा निवाडा एन आणि एचओ यांच्यातच होतो. मी एचओच्या बाजूने आहे. एनमध्ये जागा वाचते हे खरं, पण मोठ्या इंजिनाची सगळी शोभा त्याच्या दांड्यांत, नळ्यांत आणि रिव्हेटांत असते, आणि ती एनमध्ये चष्मा लावूनही नीट दिसत नाही.

आपल्याकडच्या इंजिनाचं मॉडेल करायचं असेल तर आणखी एक अडचण आहे. ती कळायला मला स्वतःला बराच काळ लागला. आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, जगातला एचओ रूळ मात्र १४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजचा. १६७६ ला ८७ ने भागलं तर सव्वाएकोणीस मिमी येतात, आणि बाजारात मिळणारा रूळ साडेसोळा मिमीचा. म्हणजे आपल्या रेल्वेचं डब्ल्यूपी वर्गाचं वाफेचं इंजिन एचओमध्ये बनवून या रुळावर ठेवलं तर अंगाने रुंद आणि पायाने अरुंद दिसतं. यावर एक साधी तोड आहे. स्केल १:१०० धरा. १६७६ भागिले १०० म्हणजे १६.७६ मिमी. साडेसोळाच्या रुळाशी फरक पाव मिलिमीटरचा, तो डोळ्याला कळत नाही. शिवाय आकडेमोड सोपी, खऱ्यातला मीटर म्हणजे मॉडेलमधला सेंटिमीटर. तोटा एवढाच की एचओची माणसं, घरं, डबे शेजारी ठेवले तर ते मोठे वाटतात, त्यामुळे सगळंच १:१०० मध्ये करावं लागतं.

तिसरं काम: वळण

इथे घाई करू नका.

बिग बॉयची चाकं ४-८-८-४ अशी आहेत. आठ-आठ मोठ्या चाकांचे दोन गट, आणि त्यांच्या पुढे-मागे चार-चार छोटी चाकं. खऱ्या इंजिनात मागचा गट बॉयलरला पक्का जोडलेला आणि फक्त पुढचा गट बिजागरीसारखा वळतो. हे इंजिन २० अंशांच्या वळणातून जाईल असं बांधलेलं होतं. त्या वळणाची त्रिज्या साधारण ८८ मीटर, आणि एचओमध्ये ती येते एक मीटर. म्हणजे खऱ्यासारखं वळण हवं तर दोन मीटर रुंदीचं वर्तुळ! एवढी जागा कुणाकडे असते? म्हणून मॉडेल बनवणारे पुढचा आणि मागचा असे दोन्ही गट वळते ठेवतात. त्यामुळे एचओचं बिग बॉय साधारण २२ इंच त्रिज्येच्या, आणि काही मॉडेलं तर १८ इंचांच्या वळणातूनही निघतात. विकत घेण्याआधी उत्पादकाने दिलेली किमान त्रिज्या वाचा. ते 'किमान' आहे हेही लक्षात ठेवा, शोभेल ते वळण त्याहून बरंच मोठं असतं.

आता प्लायवूडचं गणित. आपल्याकडे शीट मिळते आठ बाय चार फुटांची. २२ इंच त्रिज्या म्हणजे ४४ इंचांचं वर्तुळ, आणि शीटची रुंदी ४८ इंच. दोन्ही बाजूंना फक्त दोन-दोन इंच उरतात. वळणावर चाकं रुळाला धरून राहतात पण बॉयलर सरळ असतो, त्यामुळे त्याचं नाक रुळाच्या बाहेर झुकतं. शेजारी दुसरा रूळ असेल तर त्यावरच्या डब्याला, सिग्नल असेल तर सिग्नलला ते घासतं. आणि टेबलाच्या कडेला काहीच नसेल तर एखादा धक्का लागून इंजिन जमिनीवर जाण्याची भीती कायम राहते. कडेला तीन इंच उंचीची ऍक्रिलिकची पट्टी लावल्याशिवाय मोठं इंजिन चालवू नका. ही पट्टी थोड्या पैशांत होते आणि तिच्यामुळे हजारोंचं इंजिन वाचतं.

वळण तपासायला इंजिन लागत नाही. पुठ्ठ्याची पट्टी कापा, लांबीला आणि रुंदीला तुमच्या इंजिनाच्या बॉयलरएवढी. खाली दोन टाचण्या, जिथे दोन गटांचे मध्यबिंदू येतात तिथे. टाचण्या रुळाच्या मधोमध धरून पट्टी वळणावरून सरकवत न्या आणि तिची टोकं कुठवर जातात त्याच्या खुणा पेन्सिलने टेबलावर करत चला. त्या खुणांच्या आत काहीही उभं करायचं नाही. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

नवख्यांना न पटणारी एक गोष्ट सांगतो. जोडाचं, म्हणजे दोन गटांचं मोठं इंजिन बहुधा त्याच्यापेक्षा आखूड पण एकसंध दहा चाकांच्या इंजिनापेक्षा सहज वळतं. त्यामुळे जागा कमी आहे म्हणून लगेच बिग बॉयचा नाद सोडू नका, पण २-१०-४ सारखं इंजिन घेताना मात्र दोनदा विचार करा.

गॅरेट प्रकारच्या इंजिनात गोष्ट उलटी होते. बंगाल-नागपूर रेल्वेकडे एन वर्गाची ४-८-०+०-८-४ गॅरेट होती, मँचेस्टरच्या बायर पीकॉकने बांधलेली, भारतातल्या सर्वात मोठ्या वाफेच्या इंजिनांपैकी. त्यातलं ८१५ क्रमांकाचं दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. गॅरेटमध्ये बॉयलर दोन गटांच्या मधे टांगलेला असतो, त्यामुळे वळणावर त्याचं पोट आतल्या बाजूला येतं. म्हणजे खुणा वळणाच्या आतल्या बाजूला करायच्या. बांधणाऱ्यासाठी गॅरेट फार सोयीचं इंजिन आहे, कारण ते तीन सुट्या तुकड्यांचं असतं. आठ चाकांच्या दोन जुन्या तयार चासी (चाकांसकट खालचे सांगाडे) मिळाल्या की निम्मं काम झालं.

चौथं काम: शोधणं

एचओमध्ये बिग बॉय अनेकांनी काढलं आहे. इटलीच्या रिव्हारोसीचं मॉडेल १९६०च्या दशकापासून निघत आलं आणि जुन्या बाजारात तेच सर्वात जास्त दिसतं. अथर्नच्या जेनेसिस मालिकेतलं नव्या काळातलं, तपशिलाने समृद्ध. मार्कलिन आणि ट्रिक्स या जर्मन नावांखालीही ते येतं. एनमध्ये अथर्न आणि जपानचं काटो. ओमध्ये लायनेल आणि एमटीएच, पण लायनेलचे रूळ तीन पट्ट्यांचे असतात आणि पूर्ण स्केलच्या मोठ्या इंजिनाला ७२ इंच व्यासाचं वर्तुळ लागतं. पितळी मॉडेलं बहुतांश जपान आणि कोरियात हाताने बनलेली असतात. ती अतिशय देखणी, पण पहिल्या खरेदीसाठी नव्हेत, कारण ती चालवताना दुरुस्तीचा हात लागतोच.

मार्कलिन आणि ट्रिक्स यांतला फरक नीट समजून घ्या. दिसायला इंजिन सारखंच, पण मार्कलिनचं विजेच्या तीन वाहकांच्या पद्धतीवर चालतं आणि त्याची दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेने वेगळी केलेली नसतात. ते आपल्या साध्या दोन रुळांवर ठेवलं की सरळ शॉर्टसर्किट. ट्रिक्स मात्र दोन रुळांचं. म्हणून विक्रेत्याला नाव विचारू नका, कॅटलॉग क्रमांक विचारा आणि डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो मागा.

दुसरा सापळा 'डीसीसी रेडी' (डीसीसी म्हणजे रुळातून डिजिटल संदेश देऊन इंजिन चालवायची पद्धत) या शब्दांचा. याचा अर्थ इंजिनात डिजिटल डीकोडर बसवायची जागा आहे, डीकोडर आहे असा नाही. आवाज, दिवे, स्वतंत्र नियंत्रण हवं असेल तर डीकोडर बसवलेलं मॉडेल घ्या. पहिलंच इंजिन असेल आणि एकच गाडी चालवायची असेल तर साध्या १२ व्होल्ट डीसीवरही उत्तम चालतं.

जुनं इंजिन घेताना माझा एक अनुभव सांगतो. एका विक्रेत्याने चार सुंदर फोटो पाठवले होते, चारही उजव्या बाजूचे. मला तेव्हा ते खटकलं नाही. डबा उघडला तर डाव्या बाजूचा मुख्य दांडा नव्हता आणि इंजिन-टेंडर जोडणारा आकडा तुटलेला होता. तो सुटा भाग मिळवायला आठ महिने गेले. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी मागतोच: डावी, उजवी आणि खालची बाजू यांचे फोटो, इंजिन पुढे आणि मागे हळू चालतानाचा आवाजासकट व्हिडिओ, आणि धातूच्या चासीचा जवळून फोटो. व्हिडिओत चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक' असा आवाज येत असेल तर दातेरी चाकाला तडा गेलेला असतो. चासीवर केसासारख्या भेगा किंवा फुगवटा दिसला तर तो जस्ताच्या ओतकामाचा रोग समजा, त्यावर इलाज नाही, तो सौदा सोडून द्या. चाकांवरची रबरी कडी कडक झालेली असणं मात्र किरकोळ आहे, ती बदलता येतात.

जुन्या रिव्हारोसीच्या चाकांच्या कडा खोल असतात. कमी उंचीच्या रुळावर, म्हणजे ज्याला कोड ८३ म्हणतात त्यावर, त्या कडा खिळ्यांच्या डोक्यांवर आपटून इंजिन खडखडतं. त्याहून उंच, कोड १०० चा रूळ वापरला की काम भागतं.

परदेशातून मागवताना रेल्वे मॉडेलं ९५०३ या, खेळण्यांच्याच, कस्टम शीर्षकाखाली येतात आणि त्यावरचा कर भारी असतो. कराचे दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात चालू दर बघा आणि किंमत, पाठवणी आणि कर मिळून बेरीज करूनच ठरवा. खरं बिल सोबत हवंच. अमेरिकेतला भाऊ किंवा मावशी येताना आणणार असतील तर इंजिन हातातल्या बॅगेत, टेंडर सुटं करून, मूळ फोममध्येच आणायला सांगा. आणि तिथला पॉवर पॅक आणू नका म्हणून निक्षून सांगा. तो ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला की एका क्षणात जळतो.

पाचवं काम: बांधणं

अगदी पहिलं मॉडेल म्हणून रेव्हेलचं १:८७ मधलं बिग बॉयचं प्लॅस्टिक किट चांगलं. ते चालत नाही, पण इंजिनाचा कुठला भाग कुठे बसतो हे ते जोडताना हाताला कळतं. त्यानंतर मात्र स्वतःचं काहीतरी करावं. आणि आपल्यासाठी त्याला डब्ल्यूपीसारखं इंजिन नाही. ४-६-२, बंदुकीच्या गोळीसारखं नाक, त्यावर तारा. पहिली १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविनकडून आली, शेवटची १९६७ मध्ये चित्तरंजनला बनली, एकूण ७५५. ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात लांब पल्ल्याच्या गाडीतून प्रवास केला आहे त्यांच्या मनात वाफेचं इंजिन म्हणजे बहुधा हेच. तयार मॉडेल दुकानात सहजी मिळत नाही, त्यामुळे बांधण्याला अर्थही आहे.

शोभेचं मॉडेल १:५० मध्ये करा. टेंडर धरून खरं इंजिन साधारण २४ मीटर, म्हणजे मॉडेल ४८ सेंटिमीटर. मोठी चाकं ५ फूट ७ इंच व्यासाची, मॉडेलमध्ये ३४ मिमी. रुळांतलं अंतर साडेतेहतीस मिमी, आणि हा रूळ तुम्हीच लाकडी पट्टीवर ठोकणार असल्यामुळे इथे गेजची तडजोड नाही.

मापं मिळवायची कशी? दिल्लीच्या संग्रहालयात आणि हरियाणातल्या रेवाडीच्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये डब्ल्यूपी आहेत. इंजिनाच्या बरोबर काटकोनात, जितकं लांब उभं राहता येईल तितकं लांब उभं राहून झूम करून फोटो काढा. जवळून काढलेल्या फोटोत मधला भाग फुगतो. चाकाचा व्यास तुम्हाला माहीत आहे, तीच तुमची मोजपट्टी. फोटोत चाक ६८ मिमी भरलं आणि बॉयलरवरचा घुमट २० मिमी, तर खरा घुमट १७०२ गुणिले २० भागिले ६८, म्हणजे ५०० मिमी. चाकाची धाव झिजून थोडी कमी झालेली असू शकते, पण १:५० ला चाकाएवढ्या भागात तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. इंजिनावर चढायचं नाही, टेप लावायचा असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याला विचारून लावा. बहुतेक वेळा ते स्वतः टेपचं दुसरं टोक धरतात.

रेखाचित्र झेरॉक्सवाल्याकडे छापताना त्यावर दहा सेंटिमीटरची एक रेघ आखून ठेवा आणि छापून आल्यावर पट्टीने मोजा. दुकानदाराच्या संगणकावर 'फिट टू पेज' चालू असतं आणि तुमचं १:५० नकळत १:५३ होतं.

सामान: १ मिमी आणि अर्धा मिमी जाडीचं स्टायरिन किंवा एबीएस प्लॅस्टिकचं शीट, आर्किटेक्चरचे विद्यार्थी जिथून मॉडेलचं सामान घेतात तिथे मिळतं. पुण्यात पितळी पट्ट्या, तारा, बारीक कानशी, ड्रिलच्या सुया रविवार पेठेत बोहरी आळीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर. दिवे आणि मोटरचं सामान बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला. व्हर्नियर कॅलिपर चांगलं घ्या, बाकी हत्यारं साधी चालतील.

बॉयलरसाठी पीव्हीसी पाइप. रेखाचित्रातला व्यास ५० ने भागा आणि त्याहून किंचित लहान पाइप निवडा, मोठा कधीच नाही. वरून अर्ध्या मिमीचं शीट गुंडाळून हवा तो व्यास आणता येतो, आणि त्या शीटवर आधीच रिव्हेट उठवता येतात. शीट पालथी घालून खाली जुनं मासिक ठेवा आणि बोथट केलेल्या कर्कटकाच्या टोकाने, स्टीलच्या पट्टीच्या खुणांवरून, एकसारखा दाब देत टिंब द्या. दुसऱ्या बाजूला गोल उंचवटे येतात. दाब कमी-जास्त झाला तर ओळ वाकडी दिसते, म्हणून एक ओळ एका बैठकीत पुरी करा.

नाक हा डब्ल्यूपीचा चेहरा आहे, त्याला वेळ द्या. १ मिमी शीटच्या चकत्या कापा, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी लहान, मधोमध ३ मिमीचं भोक. लांब बोल्टवर त्या ओळीने ओवा, मधे सॉल्व्हंट (प्लॅस्टिक जोडणारा द्रव) लावत जा, नट आवळा आणि रात्रभर सोडा. सकाळी हातात पायऱ्या-पायऱ्यांचा शंकू असतो. बोल्टचं टोक ड्रिलमशीनमध्ये पकडा, मशीन अगदी हळू फिरवा आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर फळीवर चिकटवून टेकवा. पायऱ्या हळूहळू नाहीशा होतात. मधून मधून थांबून पुठ्ठ्यात कापलेला आकाराचा साचा लावून बघा, कारण काढलेलं परत येत नाही. मग पुट्टी, मग ४००, मग ८०० नंबर. वेग वाढवला तर प्लॅस्टिक वितळून पेपरला चिकटतं. मला पहिलं नाक दोनदा करावं लागलं आणि दुसऱ्यांदा केलेलं आजही माझ्या टेबलावर आहे. थ्रीडी प्रिंट करूनही नाक मिळतं आणि त्यात काही गैर नाही, पण थरांच्या रेघा घासाव्या लागतातच. सॉल्व्हंट वापरताना खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा.

कपलिंग रॉड, म्हणजे मोठ्या चाकांना जोडणारे दांडे, नवख्याचं मॉडेल इथेच अडतं. दोन्ही बाजूंचे दांडे वेगवेगळे कापून भोकं पाडलीत तर ती कधीच जुळणार नाहीत. पितळेच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून दोन टोकांना डाग देऊन जोडा, मग खुणा करा, भोकं एकदमच पाडा, आकारही एकदमच कानशीने द्या, आणि शेवटी तापवून वेगळ्या करा. चाकं आसावर बसवताना एका बाजूची क्रँक पिन (दांडा चाकाला जोडणारी खुंटी) वर असेल तेव्हा दुसऱ्या बाजूची नव्वद अंशांनी पुढे किंवा मागे हवी, आणि तिन्ही आसांवर हा कोन तंतोतंत सारखा हवा. खऱ्या इंजिनात तो यासाठी असतो की एका बाजूचा पिस्टन टोकाला अडकला तरी दुसरी बाजू चाक फिरवते. शोभेच्या मॉडेलमध्येही हा कोन सोडू नका. जाणकाराची नजर आधी तिथेच जाते.

रंग: आधी करडा प्राइमर, ऑटोमोबाईलच्या दुकानात स्प्रे मिळतो. शुद्ध काळा रंग छोट्या मॉडेलवर तपशील गिळतो, त्यात थोडा करडा मिसळा. पावसाळी दमट दिवशी स्प्रे करू नका, रंगावर पांढरट झाक येते. नंबर आणि शेडची अक्षरं तुम्ही निवडलेल्या एकाच इंजिनाच्या फोटोवरून घ्या.

खऱ्या वाफेबद्दल थोडंसं

जपानच्या ऍस्टरने आणि अमेरिकेच्या ऍक्युक्राफ्टने १:३२ मध्ये खऱ्या वाफेवर चालणारं बिग बॉय काढलेलं आहे. ते सुरुवातीचं इंजिन नाही. या वाटेला जायचं असेल तर एका सिलिंडरचं, स्पिरिटवर चालणारं साधं इंजिन घेऊन एक हिवाळा त्यावर घालवा. तांब्याचा बॉयलर स्वतः बांधणार असाल तर तो चांदीच्या डागानेच जोडतात, साध्या शिशाच्या डागाने कधीही नाही. आणि पहिली वाफ धरण्याआधी थंड पाण्याने, चालू दाबाच्या दुप्पट दाबावर चाचणी. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तर फक्त गळतं. वाफ किंवा हवा भरून चाचणी घेतली तर बॉयलर फुटू शकतो. यात सूट नाही.

पहिली फेरी

टेबल आधी वातावरणाला तयार करा. प्लायवूडच्या फक्त वरच्या बाजूला रंग दिला तर पहिल्याच पावसाळ्यात ते तळहातासारखं खोलगट होतं. वर, खाली आणि चारही कडा, सगळीकडे सीलर हवा. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, पोलादी रूळ कोकणात आणि मुंबईत एका ऋतूत गंजतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीनंतर बदला.

तेल सुईच्या टोकावरचा एक थेंब, आसाच्या टोकांना. प्लॅस्टिकला चालेल असं लिहिलेलं हलकं मशीन ऑइलच वापरा. खोबरेल तेल कधीही नाही, थंडीत थिजतं आणि दातेरी चाकं जाम करतं.

मग इंजिन रुळावर ठेवा. बिग बॉयला इंजिनाची २४ आणि टेंडरची १४ चाकं आहेत. घाईत ठेवलं तर एक तरी जोडी रुळाबाहेर राहतेच. सरळ रुळावर, आधी मागचा गट, मग पुढचा, मग छोटी चाकं, शेवटी टेंडर. खाली वाकून, डोळे रुळाच्या पातळीला आणून, मागून टॉर्च धरा. ज्या चाकाखालून उजेडाची फट दिसते ते चाक रुळावर नाही. ते बोटाने हळूच उचलून बसवा, पुन्हा टॉर्च धरून बघा, आणि मगच नॉब फिरवा. पहिला अर्धा तास डबे न लावता निम्म्या वेगाने पुढे, पुढचा अर्धा तास मागे. थांबल्यावर मोटरच्या जागी हात लावा. कोमट असेल तर डबे जोडा. हात ठेववत नसेल तर आजच्यापुरतं थांबा, खालचं झाकण उघडा आणि दातांमध्ये रुळावरचा धागा किंवा केस अडकला आहे का ते बघा. बहुतेक वेळा तोच असतो.